नाताळच्या जुन्या फोटोंचं स्क्रॅपबुक करायचंय, आयडिया द्या (आणि आपल्या दमट हवेचं काय करू?)

नंदाखालची_नात

नमस्कार, इथे नेहमी वाचत असते पण लिहितेय पहिल्यांदाच. आमच्याकडे वसईला आजीच्या कपाटात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात घरातले नाताळचे फोटो आहेत, १९७८ पासून ते साधारण २००६-०७ पर्यंतचे, म्हणजे मोबाईल आले आणि डब्यात फोटो पडायचे बंद झाले तिथपर्यंत. काल रात्री बसून मोजले, २१४ निघाले. शिवाय एक चिकट पानांचा अल्बम आहे, वरून प्लास्टिक बसवायचं असतं ना तसला, त्याची पानं पिवळी पडलीत आणि फोटो पानांना असे धरून बसलेत की नखाने उचलायला गेलं तर कोपरा फाटतोय, म्हणून तसाच ठेवून दिलाय.

आजी आता ८४ वर्षांची आहे. माझा काका कुवेतहून सहा वर्षांनी नाताळला घरी येतोय, आत्या पण येतेय, तर सगळे ओटीवर बसलेले असताना आजीच्या हातात एक छान स्क्रॅपबुक द्यायचं असं मनात आहे. दुकानात जाऊन तयार सामान बघून आले. सगळं बर्फाचं! स्नोमॅन, रेनडिअर, लोकरीच्या टोप्या. आमच्या २१४ फोटोंत एकातही बर्फ नाही हो, केळी आहेत, विहीर आहे, वाळत घातलेले बोंबील आहेत, त्या पानांवर हे फोटो लावले तर परक्याच्या घरात बसल्यासारखे दिसतील.

एक फोटो सांगते म्हणजे कळेल. मागे पेनाने १९८६ लिहिलंय. आजी लाल लुगड्यात चुलीपुढे बसून फुगे (आमच्याकडचे नाताळचे तळलेले पिठाचे गोळे) तळतेय, झारा धरलेला उजवा हात हललाय म्हणून तो धूसर आलाय, बाकी सगळं स्वच्छ. आणि मागे भिंतीला टेकून एक सात-आठ वर्षांचा मुलगा उभा आहे, त्याच्या हातात अर्धा खाल्लेला फुगा. हा मुलगा कोण ते बाबांना माहीत नाही, आत्याला फोटो पाठवला तर तिलाही माहीत नाही.

तर मला दोन्ही हवंय, काहीतरी आपल्याकडचं वाटेल अशा आयडिया आणि हे सगळं पावसाळ्यात टिकेल कसं ते. वेळ महिनाभर आहे. बजेट फार नाही.

फोटोवाला_रत्नागिरी

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो कारण सजावट नंतर कधीही होईल, फोटो एकदा गेला की गेला. माझा स्टुडिओ आहे, २५ वर्षं हेच काम करतोय, आणि दर सप्टेंबरला लोक बुरशी आलेले अल्बम घेऊन येतात, बघवत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ फोटो स्क्रॅपबुकमध्ये चिकटवायचेच नाहीत. एकही नाही. सगळे स्कॅन करा, नवीन प्रिंट काढा आणि त्या प्रिंट हव्या तशा कापा, चिकटवा, मुलांच्या हातात द्या. स्कॅन ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) करा, ४ बाय ६ इंचाचा फोटो असेल तर २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० च्या हिशोबाने ८ बाय १२ पर्यंत मोठा केला तरी धूसर होत नाही. मोबाईलनेच काढायचे असतील तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन फोटोच्या अगदी समांतर. आणि डब्याच्या तळाशी निगेटिव्हची पाकिटं आहेत का बघा, लोक ती कचरा म्हणून टाकतात, खरं तर तिथून प्रिंटपेक्षा चांगलं निघतं बऱ्याचदा.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झाले असतील तर घाबरू नका. त्यातला निळसर रंग आधी उडतो, अंधारात कपाटात ठेवले तरी उडतो, म्हणून सगळी माणसं तांबूस दिसायला लागतात. स्कॅन केल्यावर ते बरंचसं सुधारता येतं. पण आजीचं लुगडं खरंच लाल होतं ना, मग रंग दुरुस्त करणाऱ्याला तसं सांगून ठेवा, नाहीतर तो लाली कमी करता करता लुगडंही फिकं करून टाकेल.

चिकट अल्बमचं: ओढू नका. दातांसाठीचा फ्लॉस मिळतो मेडिकलमध्ये, बिनवासाचा, तो फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. एका फोटोला दहा मिनिटं लागू देत. नाही निघाला तर सोडून द्या आणि अख्खं पानच स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो असेल तर तोही काचेसकट स्कॅन करायचा, हा माझा नियमच आहे.

प्रिंट लॅबमधून मॅट कागदावर काढा. घरच्या इंकजेटची साधी शाई आपल्या हवेत पसरते, चकचकीत कागद तर एकमेकांना चिकटतात. फोटोंना ३० ते ५० टक्के आर्द्रता चांगली म्हणतात, आपल्याकडे जुलैत ८५ च्या वर सहज असते, तेव्हा काय ते समजून घ्या. अल्बम उभा, हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे दाणे मिळतात, रंग बदलला की ते तापवून परत वापरता येतात. बाहेरच्या भिंतीला टेकून असलेल्या कपाटात मात्र ठेवू नका, त्या भिंतीतूनच ओल येते. डांबरगोळ्या अल्बमच्या आत नकोत, वास भरून राहतो आणि प्लास्टिकवरही परिणाम होतो. प्लास्टिकची पाकिटं घेताना वास घ्या, नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी, ते घ्यायचं नाही, पॉलिप्रॉपिलीन मागा.

आगाशीची_काकी

अगं तुझं वाचून माझ्या डोळ्यापुढे आमची ओटी आली. मी चार वर्षांपूर्वी सासूबाईंसाठी केलं होतं असंच, तेव्हा जे जमलं ते सांगते, घे त्यातलं हवं ते.

बर्फ नको, बरोबरच आहे. मी पानांच्या कडेला नक्षी कशाने केली सांगू? कलकलच्या, म्हणजे नाताळच्या त्या शंखासारख्या वळलेल्या गोड पदार्थाच्या, कंगव्याने. आपण नवा कंगवा आणतो ना कलकलवर रेघा उठवायला, किंवा काटा-चमच्याची पाठ, तेच पोस्टर कलरमध्ये अगदी हलकं बुडवून जाड कागदाच्या कडेने ओढलं, एक सोनेरी आणि एक तपकिरी. इतकी सुंदर बॉर्डर आली आणि घरातल्या प्रत्येकाला बघताक्षणी कळली, पोरांनी लगेच बोटं फिरवून बघितली. फक्त रंग पातळ नको, आणि दोन दिवस पंख्याखाली वाळू दे, आमच्या पहिल्या पानाचा रंग समोरच्या पानाला लागला होता.

फोटो वर्षांप्रमाणे लावू नकोस असं मी म्हणेन. १९७८, १९७९, १९८० असं करत गेलीस तर दहाव्या पानावर बघणारा दमतो, सगळ्या फोटोंत तोच गोठा (येशूजन्माचा देखावा) आणि तीच माणसं. त्यापेक्षा नाताळ जसा घरात येतो तसा लाव. आगमनकाळातली (नाताळाआधीच्या चार आठवड्यांतली) साफसफाई, भिंतीला रंग, मग नाचणी पेरणं, मग कलकल-नेवऱ्यांची रात्र, मग कॅरलवाली पोरं, मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना), २५ ची सकाळ, पाहुणे, आणि शेवटी ६ जानेवारीचा तीन राजांचा सण आणि गोठा उतरवणं. म्हणजे एका पानावर १९८१ ची आत्या आणि २००३ ची तू, दोघी एकाच पाटावर बसून कलकल वळताय. आमच्याकडे असं पान बघून माझी नणंद रडली.

गोठ्याला मात्र स्वतंत्र दोन पानं दे. असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीत ग्रेच्चो गावी १२२३ साली खऱ्या बैल-गाढवासकट गोठा मांडला होता, २०२३ ला त्याला ८०० वर्षं झाली तेव्हा आमच्या फादरांनी ते छान समजावलं होतं, आणि मी घरी येऊन आमच्याच गोठ्यांचे फोटो ओळीने मांडून बघितले. आधी पेंढा आणि बांबू, मग थर्माकोल आला, मग चायना लाईट, आणि गेली काही वर्षं पोरं परत पेंढ्यावर आलीत! डब्यात पेरलेल्या नाचणीचं हिरवं गवत मात्र एका वर्षीही चुकलेलं नाही. ते गवत पानावर खरं लावू नकोस हं, वाळलं की कसर लागते. ह्या वर्षीचं पेरशील तेव्हा त्याचा जवळून फोटो काढ आणि तो कागदभर प्रिंट करून पानाचा तळ कर.

एकाच पायरीवरचे फोटो आहेत का बघ. प्रत्येकाच्या घरात असतात, मिस्सेहून आलं की त्याच पायरीवर उभं करून काढलेले. ते उभ्या पट्टीत कापून शेजारी शेजारी लाव, पायरी एका रेषेत ठेवायची आणि मुलं वाढत जाताना दिसतात. घरात दाराच्या चौकटीवर उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा असतील तर त्याचाही फोटो काढून बाजूला.

मुखपृष्ठाला लुगडं! आजीचं जुनं विरलेलं लुगडं असेल तर तिला विचारून त्याच्या पदराचा तुकडा घे. पण लाल रंग जातो, मिठाच्या पाण्यात भिजवून दोन-तीनदा धू, पांढऱ्या रुमालाखाली ठेवून इस्त्री करून बघ रंग लागतो का. आणि ते फक्त बाहेरून, आत फोटोला कुठेही टेकता कामा नये.

घरात सुवार्ता मासिकाचे जुने डिसेंबर अंक असतील तर त्यांच्या मुखपृष्ठांच्या रंगीत झेरॉक्स काढून वापर. मूळ अंक कापायचा नाही, मासिकाचा कागद पिवळा पडतो आणि शेजारच्या फोटोलाही पिवळा करतो.

नंदाखालची_नात

काकी, कंगव्याची आयडिया वाचून मी अक्षरशः उठून स्वयंपाकघरात गेले! पायरीवरचे फोटो आहेत, नऊ मिळाले. फोटोवाले दादा, तळाशी खरंच निगेटिव्हची चार पाकिटं निघाली, मी ती रिकामी पाकिटं समजत होते. फ्लॉसने तीन फोटो निघाले, चौथ्याला जोर लागायला लागला म्हणून थांबले.

एक विचारायचंय, फोटोखाली लिहू काय? मला "आनंदी क्षण" वगैरे लिहायचं नाहीये, पण सगळीकडे नुसतं नाव आणि वर्ष लिहिलं तर रेशनकार्डासारखं वाटतंय.

मालवणचो_आगुस्त

मी मालवणचा, आमच्याकडे हे काम बायकोने आणि मी मिळून केलं. लिहिण्याबद्दल एकच सांगतो, घरात जी भाषा बोलता तीत लिहा. आम्ही पहिली दहा पानं शुद्ध मराठीत लिहिली होती, वडिलांनी बघितली, छान म्हणाले आणि बंद करून ठेवली. मग आम्ही त्या पट्ट्या काढून त्यांच्याच तोंडची वाक्यं लिहिली, मालवणीत. "ह्या वर्सा डिसेंबरात पाऊस इलो, तारो भिजलो." मग बसले वाचत, आणि प्रत्येक फोटोवर अजून दोन गोष्टी सांगायला लागले, त्या पण लिहून घेतल्या. तुम्ही लोक घरात सामवेदी बोलत असाल किंवा वाडवळी, जे काही असेल ते, तसंच देवनागरीत उतरवा, शब्द चुकला तरी चालेल.

आता जे बिघडलं ते पण सांगतो. आमचा पहिला अल्बम २०१५ चा, त्यात मी हौसेने लाल क्रेप कागदाच्या झालरी लावल्या होत्या, ताऱ्याचा आकार कापून. आणि मूळ फोटो लावले होते, पांढऱ्या गोंदाने. पुढच्या पावसात घरात गळती नाही काही नाही, नुसत्या हवेच्या ओलीने क्रेपचा रंग उतरला. माझ्या आईचा लग्नानंतरच्या पहिल्या नाताळचा एकच फोटो होता, तिच्या चेहऱ्यावर डाव्या बाजूने गुलाबी डाग पसरलाय, तो आजपर्यंत गेलेला नाही. निगेटिव्ह नाही, दुसरी कॉपी नाही. म्हणून फोटोवाले जे म्हणतात मूळ फोटो चिकटवू नका, ते कृपा करून ऐका. क्रेप, चमकी, सेलोटेप हे सगळं बाहेर ठेवा. कागदाचे कोपरे घरी करता येतात, जाड कागदाची छोटी पट्टी त्रिकोणी दुमडायची आणि फोटोचा कोपरा आत सरकवायचा, गोंद फक्त कोपऱ्याला लागतो, फोटोला नाही. आणि कागद मागताना ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) म्हणून मागा, मोठ्या स्टेशनरीत मिळतो.

कोर्लईची_सून

आगुस्तदादांना माझा दुजोरा. माझं सासर कोर्लईचं, किल्ल्याच्या पायथ्याशी, तिथे घरात पोर्तुगीजमधून आलेली वेगळीच बोली बोलतात, लग्न होऊन आले तेव्हा मला एक अक्षर कळत नव्हतं. बोलणारे हजारभरच असतील आता. सासूबाई नाताळची गाणी त्या भाषेत म्हणतात, ती मी मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि क्यूआर कोड करून गोठ्याच्या पानावर लावला, फोन धरला की आवाज येतो. पुतण्यांना भारी वाटलं. पण ज्या साईटवर आवाज ठेवला होता ती दीड वर्षाने बंद झाली आणि कोड मुका झाला! नशीब की फाईल पेन ड्राईव्हवर होती. म्हणून आता गाणं देवनागरीत लिहून, खाली मराठी अर्थ, असं कागदावरच पण ठेवलंय. तू आजीचं रेकॉर्डिंग करशील तर फाईल दोन-तीन जणांकडे देऊन ठेव.

आणि डबा घेऊन आजीजवळ एकदम २१४ फोटो नको मांडूस, थकतात गं. रोज पाच. फोटो तिच्या हातात दे आणि गप्प बस. हा कोण, ती कोण असं विचारलं की नुसती नावं मिळतात, गप्प बसलं की गोष्ट येते.

वेंगुर्ल्याचा_शेजारी

आम्ही हिंदू, पण शेजारी ख्रिश्चन कुटुंब, तीन पिढ्यांचा घरोबा, म्हणून लिहितोय. दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट जातं आणि नाताळला त्यांच्याकडून नेवऱ्या (करंज्या), दोदोल (नारळ-गुळाची मऊ मिठाई) येतो, आणि ताट कधीही रिकामं परत करायचं नाही हा आईचा नियम. त्यांच्या अल्बममध्ये आम्हा शेजाऱ्यांचं एक पान आहे. माझा नऊ वर्षांचा फोटो आहे त्यात, त्यांच्या गोठ्यापुढे. शेजारच्या काकूंनी खाली आमच्या आईच्या चकलीचं प्रमाण लिहिलंय, आईच्याच अक्षरातल्या चिठ्ठीची झेरॉक्स लावलीय, तेलाच्या डागासकट. आई २०१९ ला गेली. तिचं ते अक्षर आमच्या घरात कुठे नाही, त्यांच्या अल्बममध्ये आहे.

तुमच्या त्या फोटोतला मुलगा मला तरी शेजारचाच वाटतोय. घरातला असता तर आत्याने ओळखला असता.

फोटोवाला_रत्नागिरी

अजून एक आठवलं, नव्वदच्या दशकातल्या फोटोंवर कोपऱ्यात नारिंगी आकड्यात तारीख असते, तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कॅमेऱ्याचा सेल बदलला की तारीख बऱ्याचदा परत लावायची राहून जायची. आणि मूळ फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाने पुढे उठतं. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने.

नंदाखालची_नात

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, आठवड्याने लिहितेय कारण रोज पाच फोटो चालू होते.

शेजारीदादा, तुम्ही बरोबर होतात, म्हणजे जवळजवळ. मंगळवारी १९८६ चा फोटो आजीच्या हातात दिला आणि गप्प बसले. बराच वेळ ती नुसती बघत होती. मग फोटोतल्या स्वतःच्या हाताकडे बोट करून म्हणाली, हा हात हललाय कारण मी त्याला दुसरा फुगा द्यायला वळत होते. तो मिठागरावर कामाला येणाऱ्या कुटुंबातला मुलगा. ती माणसं हंगामाला यायची आणि पावसाआधी परत जायची, आणि तो तीन नाताळ ओळीने आमच्या चुलीपाशी यायचा, त्याला फुगे गरम लागायचे, गार दिले तर खात नसे. चौथ्या वर्षी ते कुटुंब आलं नाही. त्याला घरात सगळे बाबू म्हणायचे, खरं नाव आजीलाही माहीत नाही. मी ते तिच्या शब्दांत, आमच्या बोलीत जसंच्या तसं लिहून घेतलंय आणि त्या फोटोला पूर्ण पान देतेय, बाजूला कंगव्याची नक्षी सुद्धा नाही.

आजीला आता सरप्राईज राहिलेलं नाही, तिला सगळं कळलंय, पण ती स्वतःच लुगड्याचा तुकडा काढून घेऊन आली आणि मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवायचा ते मला सांगत बसली होती. दोनदा धुतलाय, रुमालाला अजून थोडं गुलाबी लागतंय, उद्या परत धुणार. फोटोवाले दादा, लॅबच्या माणसाला लुगड्याचं सांगितलं, तो म्हणाला तुकडाच आणून दाखवा म्हणजे रंग जुळवतो. काकाला मात्र कोणी काही सांगितलेलं नाही. रविवारी नाचणी पेरायची आहे, काकी म्हणाल्या तसा डब्यातल्या गवताचा फोटो काढते आणि झालं की पानं इथे टाकते.